पात्याला दगडाची मूठ

लोहार विळ्याला मूठ बसवतो तेव्हा फार विचार करत बसत नाही. बाभळीचा तासून गोल केलेला ठोकळा, त्यात मधोमध बारीक भोक. पात्याची मागची निमुळती शेपटी भट्टीत लाल करायची, भोकावर टेकवायची आणि ठोकळ्यावर दोन-चार ठोके द्यायचे. लाकूड चरचर जळतं, धूर निघतो, शेपटी आपली जागा आपणच करून घेते. तोंडाशी लोखंडी कडं चढवलं की विळा तयार. हे जमतं कारण लाकूड जळतं, दबतं, ओलं झालं की फुगतं, सुकलं की आकसतं. पोलादाशी ते जुळवून घेतं. दगडाला हे जमत नाही. लाल शेपटी लावली तर तो जागीच तडकतो आणि थंड शेपटी ठोकली तरी तडकतो. आमच्याकडच्या एका लोहारकाकांना मी दगडी मुठीबद्दल विचारलं, तर हातोडा न थांबवता म्हणाले, "दगडाले ठोकसान त तो इचारून फुटन का, भाऊ?"

तरीही चाकूला दगडाची मूठ बसवता येते, आणि नीट बसवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. हौसेनं चाकू बनवणारे लोक जगभर अकीक, जास्पर, जेड, ग्रॅनाइटच्या मुठी करतात. आपल्याकडेही मोबाइलवर व्हिडिओ पाहून पोरांना हुरूप येतो. गावात लोहार आहे, नाल्यात गोटे आहेत, तालुक्याच्या फरशीवाल्याकडे डायमंड ब्लेडचं यंत्र आहे, मग अडतंय कुठं? अडतं ते एका समजुतीपाशी. दगड कठीण, म्हणून मूठ मजबूत, असं आपण धरून चालतो. खरं तर दगडी मुठीतली सगळी ताकद आतल्या पोलादाची असते. दगड त्याच्यावर पांघरलेला असतो आणि त्याच्यावर कसलाही भार येऊ नये यासाठीच कारागिराची सगळी खटपट चाललेली असते. दगड कोणता घ्यायचा, भोक कसं पाडायचं, रिव्हेट का ठोकायची नाही, गोंद किती लावायचा, या सगळ्याची उत्तरं तिथूनच निघतात.

कठीण वेगळं, चिवट वेगळं

जर्मन खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी 1812 साली खनिजांची एक उतरंड लावली. कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढंच त्यात पाहिलं. सगळ्यात मऊ शंखजिरं, त्याला 1. सगळ्यात कठीण हिरा, त्याला 10. या मोजपट्टीवर संगमरवर साधारण 3 वर येतो, साधं चाकूचं पातं साडेपाचाच्या आसपास, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार 6 वर आणि अकीक साडेसहा ते 7 वर. म्हणजे अकीकाच्या गुळगुळीत तुकड्यावर खिळा कितीही घासा, ओरखडा उठायचा नाही. उलट खिळ्याचीच करडी रेघ दगडावर राहील आणि बोटानं पुसली जाईल.

पण ओरखडा न उठणं आणि न फुटणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तोच अकीकाचा तुकडा हातातून शहाबादी फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात. दगड दाब भरपूर सोसतो. वाकवणं, ताणणं आणि अचानक बसलेला ठोका मात्र त्याला सोसवत नाही. जातं, पाटा, वरवंटा ही सगळी दाबाची कामं, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. चाकूच्या मुठीवर मात्र दर कापाला थोडं वाकवणारं बळ येतं. ते बळ दगडापर्यंत पोचलं की त्याच्या अंगात आधीच असलेली एखादी केसभर चीर वाढायला लागते.

या नियमाला एक नामांकित अपवाद म्हणजे जेड. त्यातला नेफ्राइट हा प्रकार मोह्सच्या मापात 6 ते साडेसहा, म्हणजे अकीकाहून किंचित मऊच. पण त्याच्या आतले सूक्ष्म तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की चिरेला सरळ वाट सापडत नाही. मुघल दरबारातल्या खंजिरांच्या मुठी जेडच्या करत त्यामागे दिमाख होताच, पण हा चिवटपणाही होता. घोड्याच्या, मेंढ्याच्या डोक्याच्या आकारात कोरलेल्या, सोन्याच्या तारेनं आणि माणकांनी मढवलेल्या त्या मुठी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्या काळी पात्याची शेपटी मुठीत पक्की करायला लाखेचं मिश्रण वापरत. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळस आणि कुसुमाच्या झाडांवर जी लाख मिळते, तीच ही लाख. गरम केली की वितळते, निवली की घट्ट धरते, आणि मूठ सैल झाली तर पुन्हा तापवून काढता येते. आजच्या इपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाला, हा शेवटचा गुण तितकासा नाही, आणि मला तरी ती उणीवच वाटते.

आपल्या भागात काय सापडतं

दगडाच्या बाबतीत विदर्भाचे सरळ दोन भाग पडतात. बुलडाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा हा बहुतेक मुलूख काळ्या बसाल्टचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याचा हा कातळ. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढं झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत सिलिका थराथरानं साचवली. तोच अकीक. कातळ झिजून माती झाला तरी हे गोटे झिजत नाहीत, म्हणून नाल्यात, नदीच्या गोट्याळ पात्रात आणि नांगरलेल्या वावरात ते वर येतात. बाहेरून राखाडी, खडबडीत, बटाट्यासारखे. फुटलेल्या जागी मात्र मेणासारखी झाक. लालसर, अपारदर्शक असेल तर तो बहुधा जास्पर.

नागपूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे, खडक याहून कितीतरी जुने. तिथं ग्रॅनाइटचे आणि नाईस नावाच्या पट्टेरी खडकाचे पट्टे आहेत, क्वार्ट्झाइट आहे, देवलापारच्या बाजूला संगमरवर आहे, आणि रामटेक-तुमसरच्या पट्ट्यात मँगनीज. मँगनीजच्या खडकांतच गुलाबी रंगाचं, काळ्या शिरांचं ऱ्होडोनाइट मिळतं. जगभरचे शोभेच्या दगडांचे कारागीर त्यावर जीव टाकतात. याच पट्ट्यातल्या एका गार्नेटयुक्त खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी इथल्या गोंड लोकांवरून गोंडाइट असं नाव दिलं, आणि ते आज जगाच्या पुस्तकांत आहे. मात्र मँगनीजची धूळ मज्जासंस्थेवर वाईट परिणाम करते, तेव्हा नवख्यानं या दगडांच्या वाट्याला जाऊ नये.

पोलाद आणि चकचकीत दगड एकत्र येणं हे आपल्या मातीत काही नवं नाही. नागपूरजवळच्या माहूरझरीला अडीच हजार वर्षांहून जुनी शिळावर्तुळं आहेत, म्हणजे भोवती दगडांचं रिंगण केलेल्या दफनाच्या जागा. त्या दफनांत लोखंडाची हत्यारं आणि घोड्यांचे अलंकार सापडले, आणि त्याच परिसरात अकीक, कार्नेलियन (लालसर अकीक), जास्परचे मणी घडवण्याचा मोठा उद्योग होता. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची त्या काळातली भट्टीच उत्खननात मिळाली. तेव्हाच्या कारागिरानं मण्याला ज्या क्रमानं घासलं, तोच क्रम आजही आहे: आधी जाडं, मग बारीक, मग त्याहून बारीक.

कुठून काय उचलायचं याला मात्र मर्यादा आहे. लोणारचं सरोवर हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तिथला खडाही उचलायचा नाही. सिरोंचाजवळच्या वडधममध्ये जीवाश्म झालेली झाडं आहेत. दगड झालेलं लाकूड मुठीला फार देखणं दिसतं म्हणून कोणी तिकडं नजर टाकू नये. शिवाय 2015 पासून अकीक आणि जास्पर हे गौण खनिजांत मोडतात, म्हणजे विक्रीसाठी खणून काढायचे तर रीतसर परवानगी लागते. स्वतःच्या वावरातले दोन गोटे ही वेगळी गोष्ट.

खरं सांगायचं तर पहिल्या मुठीसाठी मी गोटा सुचवणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी जो ओट्याचे दगड कापून देतो, त्याच्या दुकानामागे काळ्या ग्रॅनाइटच्या कापलेल्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो. तो बहुतेक वेळा फुकट देतो, एक बाजू आयतीच पॉलिश असते, आणि दगड एकसारखा, बारीक कणांचा असतो. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो पुष्कळदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यात अभ्रकाच्या पापुद्र्यांची कटकट कमी, म्हणून मुठीला तो बराच चांगला. अडचण एकच, पट्टी 16-18 मिलिमीटर जाड असते आणि आपल्याला हव्यात 5-6 मिलिमीटरच्या चकत्या. ती चिरावी लागते.

चीर कशी शोधायची

दगड हाताळायला घेतला की पहिली परीक्षा कानाची. मडकं घेताना आपण टिचकी मारतो तशीच दगडाची पातळ चकती दोन बोटांत सैल धरून खिळ्यानं हलकेच वाजवायची. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर आत कुठंतरी चीर आहे. दुसरी परीक्षा पाण्याची, आणि ती जास्त भरवशाची. चकती बादलीत बुडवून काढा, फडक्यानं टिपा आणि सावलीत धरून बघत राहा. अंग सुकत जातं, दगड फिका पडतो, पण चिरेत शिरलेलं पाणी शेवटपर्यंत राहतं. मिनिटभरानं फिक्या दगडावर एक बारीक काळी रेघ उरलेली दिसते, कधी अर्ध्यात थांबलेली, कधी या काठापासून त्या काठापर्यंत. आरपार रेघ असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. अर्धी असेल तर तेवढा भाग कापून टाका. भोक पाडताना किंवा पडझडीत तो तिथूनच जाणार हे नक्की समजा.

तिसरी परीक्षा लिंबाची. लिंबाचा थेंब टाकल्यावर बारीक फेस आला तर दगड चुन्याचा, म्हणजे संगमरवर किंवा चुनखडी. असा दगड कापायला सोपा, पण स्वयंपाकघरातल्या चाकूला निरुपयोगी. लिंबू, चिंच, टोमॅटो यांनी त्याची चकाकी महिन्यात मरते. डोलोमाइटयुक्त संगमरवर मात्र सहसा लगेच फेसाळत नाही, त्यामुळं फेस आला नाही म्हणून पांढऱ्या दगडावर विश्वास टाकू नये. खिळ्यानं ओरखडून बघावं. आणि हिरवट, तंतू-तंतू सुटणारा दगड दिसला तर तो कापूच नये, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

ओला दगड जसा दिसतो, जवळपास तसाच तो पॉलिश झाल्यावर दिसतो. त्यामुळं रंग पारखायला पाण्यासारखं साधन नाही.

वजनाचा हिशेब

एक नेहमीचं माप धरू: 10 सेंटिमीटर लांब, अडीच रुंद, 6 मिलिमीटर जाड अशा दोन पाट्या, म्हणजे पात्याच्या मागच्या पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी बसवायचे मुठीचे दोन तुकडे. दोन्ही मिळून 30 घनसेंटिमीटर. सागवानाच्या असतील तर साधारण 20 ग्रॅम. अकीकाच्या असतील तर 78-80 ग्रॅम. बसाल्टच्या असतील तर 85 च्या पुढं. म्हणजे मूठ चौपट जड. छोट्या पात्याचा चाकू यानं सगळा मागं ओढला जातो, टोक हवेत राहतं. यावर तीन उपाय: पाट्या पातळ करायच्या, आतल्या पोलादी पट्टीला भोकं पाडून ती हलकी करायची, किंवा मुठीचा मधला भागच दगडाचा ठेवून दोन्ही टोकांना पितळ किंवा लाकूड द्यायचं. मला तिसरा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. वजनाचा भाग सोडला तरी मूठ पडते तेव्हा बहुधा टोकावर पडते, आणि तिथं पितळ असेल तर दगड वाचतो.

चकती पाडणं आणि धूळ

डायमंड ब्लेडला दात नसतात. तिच्या कडेत हिऱ्याचे कण बसवलेले असतात आणि ते दगड घासून नेतात. म्हणून जोर लावून उपयोग नाही. ब्लेडला तिच्या वेगानं जाऊ द्यायचं. फरशी कापायचं, खाली पाण्याची ट्रे असलेलं टेबल-यंत्र यासाठी योग्य. हातातला ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. त्याच्यासमोर गोल गोटा हातात धरून बसणं म्हणजे बोटांशी खेळ. गोटा कापायचाच असेल तर तो प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यात अर्धा बुडवून घट्ट होऊ द्यावा, म्हणजे धरायला सपाट बाजू मिळते. पाणी आणि वीज एकत्र येणार, तेव्हा यंत्राची आर्थिंग आधी तपासून घ्यावी. आपल्याकडच्या शेडमधल्या वायरिंगचा इतिहास पाहता हे दोनदा सांगितलं तरी जास्त होणार नाही.

पाणी ब्लेड थंड ठेवतं हे खरं, पण त्याचं मोठं काम धूळ दाबण्याचं. अकीक, क्वार्ट्झ, ग्रॅनाइट यांत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तिथं व्रण करतात आणि श्वास हळूहळू अपुरा पडत जातो. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही. पुढं वाढू नये एवढंच बघता येतं, आणि त्या माणसाला क्षयाचा धोकाही जास्त असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 साली या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गुजरातमधलं खंभात हे शेकडो वर्षांपासून अकीकाच्या कामाचं मोठं केंद्र. तिथल्या घरोघरी घासकाम करणाऱ्या कुटुंबांत सिलिकोसिसनं किती माणसं गेली हे डॉक्टरांनी आणि संशोधकांनी वारंवार मांडलं आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांनी कोरडं घासलं, बंद खोलीत, तोंडाला फार तर रुमाल.

रुमालानं काहीही होत नाही. एन-95 किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क, तो चेहऱ्याला घट्ट बसलेला, आणि काम कायम ओलं. काम झाल्यावर जमिनीवरचा राखाडी चिखल ओला असतानाच पुसून घ्यायचा, कारण तो वाळला की पायाखाली त्याचीच धूळ होते. खराट्यानं झाडायचं नाही. कपडे घरात झटकायचे नाहीत. लेकरं आसपास असतील तर त्या दिवशी काम बंद.

भोक पाडायला पोकळ डायमंड बिट मिळतो. चकतीखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा, भोकाच्या जागेभोवती मातीची बारीक आळी करून त्यात पाणी भरायचं, ड्रिल अगदी हळू फिरवायचा आणि दर काही सेकंदांनी वर उचलायचा, म्हणजे पाणी खाली शिरेल. अर्धं भोक एका बाजूनं, उरलेलं दुसऱ्या बाजूनं. एकाच बाजूनं आरपार गेलात तर शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला मागचा टवका उडतो. सगळा वेळ नीट गेलेला असतो आणि घात तिथं होतो.

बसवणं: खरी परीक्षा मे महिन्याची

लाकडी पाट्यांना आपण पितळी रिव्हेट मारतो: दोन्ही बाजूंनी ठोकून डोकं फुगवतो, ते लाकडात दबून बसतं. दगडात भोकाच्या काठावर हाच फुगवटा पाचरीचं काम करतो आणि पाटी तडकते. म्हणून दगडी मुठीत पितळेची कांडी ठोकत नाहीत, नुसती गोंदात बसवतात. भोक कांडीपेक्षा किंचित सैल ठेवायचं. पाटी धरून ठेवण्याचं मुख्य काम दोन घटकांच्या इपॉक्सीचं. कांडी पाटीला घसरू देत नाही एवढंच.

आता उन्हाचा प्रश्न. तापलं की सगळंच वाढतं, पण सारखं वाढत नाही. 10 सेंटिमीटरची मूठ घ्या. डिसेंबरच्या पहाटे ती 10 अंशांवर असते. मे महिन्यात काळा दगड उन्हात खाटेवर राहिला तर 60 अंशांपर्यंत सहज जातो. या 50 अंशांच्या फरकानं पोलादाची पट्टी साधारण 0.06 मिलिमीटर वाढते, ग्रॅनाइट 0.04, पितळ 0.09 च्या पुढं. म्हणजे पोलाद आणि दगड यांत 0.02 मिलिमीटरचा फरक, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. ऐकायला काहीच नाही. पण हा फरक मधल्या गोंदाच्या थराला दर उन्हाळ्यात, दर दिवशी सोसायचा असतो. गोंद पार पिळून काढून थर अगदी पातळ केला असेल तर ताण सगळा त्या पातळ पडद्यावर येतो आणि पाटी एका कोपऱ्यातून सुटते. थर थोडा जाड असेल तर तो ताण पोटात घेतो. म्हणून क्लॅम्प हलका लावायचा, खाली रबराचा तुकडा ठेवून. काही कारागीर पोलाद आणि दगड यांच्यामध्ये फायबरची पातळ पट्टी देतात, तिचाही उपयोग हाच.

यात आणखी एक मेख आहे. घरात, साध्या तापमानाला घट्ट झालेल्या बऱ्याच इपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास नरम पडू लागतात. थंड मुलखातल्या कारागिराला हे कधी जाणवत नाही. आपल्याकडे ते जाणवतं. पाच मिनिटांत धरणारी इपॉक्सी घेऊ नका. 24 तास घेणारी, पुडक्यावर उष्णता सोसण्याचा आकडा दिलेली घ्या, आणि चाकू उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

चिकटवण्याआधी दगडाची मागची बाजू 60 किंवा 80 नंबरच्या घासकागदानं (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) खरबरीत करायची, तिच्यात उथळ खळगे पाडायचे, पोलादही खरबरीत करायचं, दोन्ही अ‍ॅसिटोननं पुसायचं आणि मग तिथं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं. पाट्यांची पात्याकडची पुढची कड आधीच शेवटच्या पॉलिशपर्यंत नेऊन ठेवावी, कारण एकदा चिकटली की तिथं हात पोचत नाही. आणि गोंद पोलादाच्या संपूर्ण अंगावर गेला पाहिजे. लोहाराकडचं पातं बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे गंजणारं. पावसाळ्यात कुठंतरी फटीतून पाणी गेलं की आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. तो आतून रेटतो आणि बाहेरून काहीही न होता एक दिवस दगडाला चीर दिसते. लोक म्हणतात दगड खराब होता. दगडाचा काही दोष नसतो.

पॉलिश

पॉलिश म्हणजे दगडाला काही लावणं नव्हे. मोठे ओरखडे काढून त्याजागी लहान, मग त्याहून लहान ओरखडे पाडत जायचं; ते इतके बारीक झाले की उजेड विखुरत नाही, तेव्हा चकाकी दिसते. सिलिकॉन कार्बाइडचे कागद 120, 220, 400, 600, 1000 असे पुढं जातात, सगळे पाण्यात भिजवून. ज्याच्याकडे यंत्र नाही त्यानं जाड काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन चकती फिरवावी. वेळ फार लागतो, पण काम उत्तम होतं. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे आडवे ओरखडे राहिले असतील तर दिसतात. 220 चा एक ओरखडा राहून गेला तर तो 1000 वर पोचल्यावर दिसतो, आणि मग पुन्हा 220 ला परत यावं लागतं. नंबर बदलताना हात, दगड, बादली सगळं धुवायचं. आधीचा एक जाडा कण पुढच्या कागदावर आला तरी खेळ बिघडतो. शेवटी अकीकाला कातड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या पुडीची ओली पेस्ट.

मूठ जोडल्यानंतर घासताना एक गंमत होते. पितळ मऊ, पोलाद त्याहून कठीण, अकीक सगळ्यात कठीण. मऊ गादीवर कागद लावून घासलं तर पितळेच्या कांडीच्या जागी खळगा पडतो आणि पोलादाची पट्टी दगडाच्या आत जाते. बोट फिरवलं की पायरी लागते. म्हणून कागद सपाट लाकडाच्या किंवा लोखंडाच्या ठोकळ्यावर लावायचा. ग्रॅनाइटमध्ये हेच दगडाच्या आतल्या आत घडतं: क्वार्ट्झ टिकतो, फेल्डस्पार थोडं झिजतं, अभ्रक तर उपटूनच येतं. बसाल्टात बुडबुड्यांची भोकं राहतात. ती काळा रंग मिसळलेल्या इपॉक्सीनं भरून पुन्हा घासायची.

दगडाची एकही कड धारदार ठेवू नये. दीड-दोन मिलिमीटरची गोलाई दिली की टवके उडणं बरंच कमी होतं.

आणि सगळी मूठ आरशासारखी करण्याचा मोह आवरावा. ओल्या, तेलकट हातात चकचकीत दगड निसटतो. जिथं बोटं आवळतात तो भाग 400 नंबरवर थांबवून मंद ठेवला तर दिसायलाही वाईट दिसत नाही. शोकेसमध्ये ठेवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

कोणत्या पात्याला?

फळं कापायची सुरी, भाजीचा छोटा चाकू, पत्रं फोडायचं पातं, सुपारीचा अडकित्ता: यांना दगड शोभतो. ज्वारी कापायचा विळा, उसाचा कोयता, खाटकाचा सत्तूर: यांना नाही. तिथं दर घावाला हादरा बसतो. लाकूड तो थोडा गिळतं, दगड तसाच मनगटात देतो आणि स्वतःही तडकतो. बाभळीच्या मुठीला शेतात तोड नाही. हौसेपायी खंजीर करायचा असेल तर शस्त्र कायद्याची चौकशी आधी करावी. घरकाम, शेती, उद्योग अशा वापरासाठी नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती नियमांत शस्त्र म्हणून येतात.

रोज वापरायची सुरी असेल तर धुऊन लगेच पुसायची, भांड्यांच्या ढिगात टाकायची नाही, गरम पाण्यातून काढून थंड पाण्यात बुडवायची नाही. टवका उडालाच तर तुकडा जपून ठेवावा, पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदानं तो बसतो आणि वरून 600 पासून घासलं की सांधा शोधावा लागतो. पाटीच आरपार गेली तर ती काढावी लागेल. पातेल्यात गार पाणी घेऊन त्यात मूठ बुडवायची, मंद आचेवर पाणी हळूहळू उकळीपर्यंत न्यायचं आणि तसंच पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. बहुतेक इपॉक्सी एवढ्यात नरम होते आणि पातळ सुरीच्या टोकानं पाटी सुटते. पात्याची चिंता नको. पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापलेलं पातं बुडवून कडक केल्यानंतर, लोहार ते 200 अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर पुन्हा तापवतो, 100 अंशांनी त्याचं पाणी उतरत नाही. मात्र दुसरी पाटी चांगली असेल तर तीही याच पाण्यात आहे हे विसरू नये: मूठ बाहेर काढून गार फरशीवर ठेवण्याऐवजी पातेल्यातच पाण्याबरोबर निवू द्यावी.